ग्रँडांचा फेरेट

मी २००२ साली परिचारिका म्हणून इंग्लंडच्या ईशान्य भागातील डरहॅम परगण्यात दाखल झाले. वसईहून निघताना आईने ज्या सूचना दिल्या, त्यांत थंडीविषयी, एकटेपणाविषयी आणि परक्या अन्नाविषयी पुष्कळ काही होते. शेजारच्या परसातून येणाऱ्या दर्पाविषयी मात्र काहीच नव्हते. आम्हांला मिळालेले घर खाणकामगारांसाठी बांधलेल्या विटांच्या जुन्या रांगेतले. महिना फेब्रुवारीचा. मागचे दार उघडले की ओले चामडे आणि खवट तेल यांत कस्तुरी मिसळावी तसा वास नाकात शिरे. दोरीवरच्या कपड्यांनाही तो लागे. मी गटाराचा संशय घेतला आणि तिसऱ्या दिवशी धीर करून शेजाऱ्यांना विचारले. साठीच्या उंबरठ्यावरचे ते गृहस्थ मोठ्याने हसले, मला परसातल्या लाकडी खुराड्यापाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "हे पाहा तुमचे गटार."

जाळीआड हातभर लांबीचा, पिवळट केसांचा, मुंगसाच्या चणीचा एक प्राणी ताठ मानेने माझ्याकडे पाहत होता. तो फेरेट. दिसायला मुंगसासारखा असला तरी त्याचे कूळ वेगळे. आपल्या पाणमांजराच्या दूरच्या भाऊबंदांत तो मोडतो. युरोपातील पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्याला माणसाने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाळवले, त्याचा हा वंशज. नराला हॉब म्हणतात, मादीला जिल. हॉब दीड-दोन किलोंपर्यंत भरतो, जिल त्याच्या निम्मी.

त्या शेजाऱ्यांना पुढे माझी मुले 'ग्रँडा' म्हणू लागली. त्या प्रांतात आजोबांना हीच हाक आहे, आणि त्यांच्या पत्नीला 'नॅना'. मीही त्यांना त्याच नावांनी ओळखू लागले. ग्रँडा सोळाव्या वर्षी खाणीत उतरले होते. डरहॅमच्या कोळसापट्ट्यातील शेवटची खोल खाण, मंकवेअरमाउथ, डिसेंबर १९९३ मध्ये बंद झाली. ग्रँडांची खाण तिच्याही आधी. पन्नाशीतच घरी बसलेल्या त्या माणसाकडे तीन गोष्टी उरल्या होत्या: कांद्याच्या पातीसारख्या लीक नावाच्या भाजीचा वाफा, कबुतरे आणि फेरेट. पहिल्या दोन छंदांत चुरस होती, बक्षिसे होती. फेरेट मात्र काम करी.

ते काम कसले, हे आपल्याकडील वाचकांना थोडे फोड करून सांगावे लागेल. आपला रानससा झुडपाच्या आडोशाला उघड्यावर बसतो, बीळ खणत नाही. इंग्लंडचा रॅबिट हा निराळा प्राणी. तो बांधाच्या पोटात बिळांची वसाहत करून राहतो आणि रात्री बाहेर पडून शेतकऱ्याचा हिवाळी गहू कुरतडतो. हिवाळ्याच्या दिवसांत फेरेटवाला शेतकऱ्याच्या परवानगीने जातो, प्रत्येक बिळाच्या तोंडावर बटव्यासारखे आवळणारे छोटे जाळे पसरतो आणि एका बिळातून जिल आत सोडतो. तिची चाहूल लागताच ससे धूम ठोकतात व जाळ्यात सापडतात. सेव्हिलचे संत इसिदोर यांनी सातव्या शतकात आपल्या कोशात या प्राण्याचे लॅटिन नाव 'फ्युरो' हे अंधार या अर्थाच्या शब्दापासून आल्याचे म्हटले आहे, कारण तो काळोख्या भुयारांत शिरून शिकार बाहेर हुसकावतो. आजचे पंडित ही व्युत्पत्ती मानत नाहीत. ते चोरवाचक शब्दाकडे बोट दाखवतात. पण संतांनी, किंवा त्यांना सांगणाऱ्या कोणीतरी, फेरेटचे काम प्रत्यक्ष पाहिलेले असावे असे मला उगीच वाटते.

या कामात एक अडचण हमखास येते. कधीकधी जिल सशाला बिळातच मारते, पोटभर खाते आणि तिथेच झोपी जाते. वर माणूस थंडीत कुडकुडत उभा, खाली ही बाई निद्रिस्त. अशा वेळी जुन्या लोकांचा उपाय म्हणजे दोरीवरचा हॉब. एक दांडगा, एकटा ठेवलेला नर. त्याच्या गळपट्ट्याला लांब दोरी, दोरीला दर यार्डावर गाठ. तो आत जातो, जिलला मेलेल्या सशावरून हुसकून लावतो आणि स्वतः शिकारीवर ठाण मांडतो. किती गाठी आत गेल्या यावरून अंतर कळते, आणि मग दोरीच्या मागाने खणत जायचे. खाणीत जन्म घालवलेल्या ग्रँडांना हे खणणे मनापासून आवडे. त्यांच्या लेखी फेरेटवाल्याची प्रतिष्ठा जिलवर नव्हे, या हॉबवर होती. तो भांडखोर हवा, मत्सरी हवा, एकलकोंडा हवा. त्याच्या अंगचा दर्प हा त्याच गुणांचा वास, अशी त्यांची धारणा.

२०१४ च्या एप्रिलमध्ये ग्रँडांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. घरातला जिना उभा होता, म्हणून ते नॅनासह लेकीकडे न्यूकॅसलला राहिले. पंधरा दिवस म्हणून गेले आणि आठ आठवडे अडकले. फेरेटांची जबाबदारी त्यांनी माझ्या धाकट्यावर सोपवली होती. तेव्हा तो तेरा वर्षांचा. खाणे, पाणी, पेंढा बदलणे, सारे काही त्यांनी कागदावर लिहून दिले होते. एक गोष्ट लिहायची राहिली.

तीन जिलांपैकी पांढरी जिल एप्रिलअखेर माजावर आली. मुलाने मला दाखवले. मी पाहिले आणि म्हणाले, "उतरेल दोन दिवसांत." आमच्या वाडीत मी गाई पाहिल्या होत्या, गाईचा माज एका दिवसात ओसरतो. जिलचे तसे नसते, हे मला ठाऊक नव्हते. नराशी संग झाल्याखेरीज तिच्या अंडाशयातून बीज सुटत नाही आणि माज उतरत नाही. दिवस मोठे आहेत तोवर, म्हणजे उन्हाळाभर, ती तशीच राहते. आणि इतका काळ रक्तात चढत गेलेले स्त्री-संप्रेरक तिच्या हाडांतल्या मगजावर घाव घालते. रक्त तयार होणेच थांबते. ग्रँडा दर वसंतात आपल्या जिला दोन गावांपलीकडच्या मित्राकडे नेत. त्या मित्राकडे नसबंदी केलेला हॉब होता. पिले नकोत आणि माज तर उतरावा, यासाठी हा तोडगा. तेच कागदावर नव्हते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिचे मागचे पाय लटपटू लागले. मी तिला उचलून ओठ वर केला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. अशा हिरड्या, अशा पापण्या मी रोज वॉर्डात पाहत होते. रक्ताचा अहवाल येण्याआधी डॉक्टरांना सांगणारी मी, आणि माझ्या दारातल्या या जिवाकडे मी सहा आठवडे निष्काळजीपणे पाहिले होते. पशुवैद्यांनी तिला तपासले आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. धाकट्याने तिला लीकच्या वाफ्याच्या कडेला पुरले आणि तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

ग्रँडा परतले तेव्हा काठी टेकत आधी त्या जागेपाशी गेले. मग माझ्या मुलाला जवळ बोलावून म्हणाले, "चूक माझ्या कागदाची आहे." याउपर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. परंतु उरलेल्या दोन जिलांना आता पशुवैद्यांकडून माज उतरवणारे इंजेक्शन द्यायचे ठरले, आणि तिथेच हॉबचा प्रश्न निघाला.

ग्रँडांना आता वाकता येत नव्हते. दोन वेगळी खुराडी झाडणे जमत नव्हते. हॉब जिलांसोबत ठेवता येत नव्हता, दुसऱ्या नरासोबत तर नाहीच. शिवाय माजाच्या दिवसांत तो चावे, आणि हाताळणारा आता कोवळा मुलगा होता. पशुवैद्यांनी सहज म्हणून खच्चीकरणाचा विषय काढला. ग्रँडांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "खच्ची केलेला हॉब म्हणजे उशी," ते म्हणाले. "तो बिळात जाईल आणि लोळेल. त्याची धार त्या दोन गोळ्यांतच असते."

नॅना स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मग जिलला कुठे असतात ते? सगळे ससे तर तीच काढते."

या एका वाक्याने वाद संपायला हवा होता. पण पुरुषांच्या मनात काही समजुती अनुभवाहून खोल रुतलेल्या असतात, आणि मी तरी कोण त्यांना हसणार? आमच्या आजोबांची आठवण झाली. वसईच्या आमच्या वाडीत रहाटाला बैल होते. खोंड बडवण्याची वेळ आली की आजोबा चालढकल करीत. लवकर बडवला तर मान भरत नाही, खांदा पोसत नाही, असे ते म्हणत. खांदा भरला की मग. पण बडवल्यावर बैलाचे काम जाते असे त्यांनी कधी म्हटले नाही. उलट वळू कामाला जुंपता येत नाही, बैल येतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. मी ही गोष्ट ग्रँडांना सांगितली. ते म्हणाले, "बैल ओढतो. हा मारतो. ओढणे आणि मारणे एक नव्हे."

त्यांचे म्हणणे मला रात्रपाळीत पुष्कळदा आठवले आणि मी वाचू लागले. जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठाचे राइमुंड आप्फेलबाख यांनी १९७० च्या दशकात फेरेटच्या पिलांवर अभ्यास केला होता. साधारण साठ ते नव्वद दिवसांच्या वयात पिलाला ज्या भक्ष्याचा वास मिळतो, त्याच वासाचा माग ते पुढे काढते. म्हणजे शिकारीचा ओढा नर वयात येण्याच्या कितीतरी आधी, आईजवळच्या खुराड्यात घडतो. ग्रँडा पिलांसमोर आख्खा ससा केसांसकट टाकीत. त्यांच्या वडिलांनीही तसेच केले होते. जर्मन विद्यापीठाचे नावही न ऐकता ते नेमके तेच करीत आले होते, हे सांगितल्यावर त्यांना सुख झाले, पण पटले नाही.

दुसरी गोष्ट मला ग्रँडांनीच सांगितली होती, तिचा अर्थ मात्र त्यांनी लावला नव्हता. दिवस लहान होऊ लागले की हॉबची वृषणे आकसतात. शरद ऋतूत ती जवळजवळ दिसेनाशी होतात, दर्प ओसरतो, पिवळी छटा जाते. डिसेंबर-जानेवारीत ती पुन्हा भरू लागतात. आता सशांचा हंगाम पाहा: ऑक्टोबर ते फेब्रुवारी. हॉबचे उत्तम काम कोणत्या महिन्यातले? ग्रँडांचे उत्तर ठरलेले: नोव्हेंबर. आणि वाईट? फेब्रुवारी. कारण फेब्रुवारीत तो बिळात शिरला की ससा विसरून जिलच्या वासामागे लागे. म्हणजे निसर्ग त्याला दर वर्षी काही महिने खच्ची करीत होता आणि नेमक्या त्याच महिन्यांत तो सर्वांत चांगले काम करीत होता. हे मी त्यांच्यापुढे मांडले तेव्हा ते बराच वेळ पाइप भरत राहिले.

तरीही शस्त्रक्रियेचा आग्रह मी धरला नाही, आणि ते बरे झाले. हॉलंडमधील उट्रेख्ट विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी दाखवले आहे की वृषणे किंवा अंडाशये कापून काढलेल्या फेरेटांना पुढे मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथींचा विकार जडतो. शस्त्रक्रियेनंतर सरासरी साडेतीन वर्षांनी. कारण सोप्या शब्दांत असे: मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी वृषणांना हुकूम सोडत असते. वृषणांकडून जाब आला की हुकूम कमी होतो. वृषणेच नसली तर जाब येत नाही, हुकूम वाढतच जातो आणि तो भलत्याच ग्रंथीला लागू होतो. शेपटीपासून केस गळू लागतात. आमच्या पशुवैद्यांकडे यावर दुसरा मार्ग होता. डेस्लोरेलिन नावाच्या औषधाचा तांदळाएवढा तुकडा खांद्यांमध्ये त्वचेखाली ठेवायचा. तो हुकूमच थांबवतो. परिणाम वर्षभराहून अधिक काळ टिकतो आणि मग आपोआप ओसरतो. ग्रँडांना त्यातला 'ओसरतो' हा शब्द आवडला. "उशी झाली तर परत हॉब होईल ना?" त्यांनी दोनदा विचारून घेतले. सप्टेंबरअखेर तो तुकडा बसवला. ऑक्टोबरच्या शेवटी, दोन दिवस हातमोजे घालून पहारा केल्यानंतर, हॉब आणि दोन्ही जिला एकाच खुराड्यात गेले. पहिल्या रात्री आरडाओरडा. तिसऱ्या रात्री तिघांचा एकच गोळा.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी पहिल्यांदा त्यांच्यासोबत शेतावर गेले. ग्रँडा घडीच्या खुर्चीवर, धाकटा जाळी लावणारा. दोन ससे निघाले आणि मग सगळे शांत झाले. जिल आत झोपली होती. ग्रँडांनी हॉबला दोरी बांधली. तो क्षणभर हवा हुंगत थांबला आणि सरळ आत गेला. उशी नव्हती ती, हे मलाही कळले. चार गाठी गेल्या, पाचवी गेली, दोरी स्थिरावली. "बसला," ग्रँडा म्हणाले, "आता ती बाहेर येईल." ती आली नाही. दहा मिनिटे गेली, वीस गेली. शेवटी मुलाने खणायला घेतले. तासाभराने फावडे पोकळीत शिरले. आत मेलेला ससा होता, आणि त्याला टेकून हॉब आणि जिल एकमेकांच्या मानेवर डोके ठेवून गाढ झोपले होते.

ग्रँडा त्या खड्ड्याकडे पाहत राहिले. मला वाटले ते संतापतील. ते म्हणाले, "आता हा कामगार नाही, जावई झाला."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, हे मला मान्य करायला हवे. काहीतरी गेले होते. पण जे गेले ते शिकार नव्हे. शिकार त्याच्यात होतीच. त्या हिवाळ्यात जिल दमली की त्याच्याकडूनही ससे निघाले. गेली ती हेवादाव्याची वृत्ती, आणि दोरीवरच्या हॉबचे सारे काम त्या वृत्तीवर उभे होते. जुन्या लोकांनी एका नराचा मत्सर अवजारासारखा वापरला होता, आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरताना ते त्यालाच शिकार समजू लागले. हे औषधाने झाले की एका खुराड्यात राहिल्याने, याचा निवाडा मी करू शकत नाही. दोन्ही एकदमच घडले होते. औषध नसते तर एक खुराडे शक्यच झाले नसते.

धाकट्याने नाताळात मिळालेल्या पैशांतून जिलसाठी बिनतारी गळपट्टा घेतला. जमिनीवर यंत्र फिरवले की ती कुठे आणि किती खोल आहे ते कळते. ही यंत्रे निघून बरीच वर्षे झाली होती. ग्रँडांनी ती आजवर घरात येऊ दिली नव्हती. आता दोरीची गरज उरली नाही. आणि फेब्रुवारी आला. या वेळी हॉब पिवळा झाला नाही, त्याच्या मानेभोवती तो रेड्यासारखा फुगार भरला नाही, माझे कपडे दोरीवर निर्धास्त वाळले. तो जिलच्या मागे न धावता सशांच्या मागे धावला. ग्रँडांच्या वहीत त्या फेब्रुवारीचे पान पूर्वीच्या कोणत्याही फेब्रुवारीपेक्षा अधिक भरले. एका हॉबचा एक हिवाळा, त्यावर मी काही सिद्ध करू पाहत नाही. वही त्यांची होती आणि आकडे त्यांच्या हातचे होते, इतकेच.

२०१६ च्या मार्चमध्ये एका सकाळी मागचे दार उघडले आणि तो ओळखीचा दर्प पुन्हा आला. तुकड्याचे औषध ओसरले होते. जिलांना घाईने बाजूला काढावे लागले, आणि हॉब दोन दिवस जाळीला नाक लावून रात्रभर फिरत राहिला. तिसऱ्या दिवशी ग्रँडांनी माझ्या दारावर काठी वाजवली. पशुवैद्यांची वेळ घेण्यासाठी त्यांना फोन हवा होता. त्यांचा चालू होता, हे मला ठाऊक होते. मी काही विचारले नाही. बोलून झाल्यावर ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "त्याला एकट्याला करमत नाही."

मे महिन्यात नॅनांनी घेवड्यासाठी परसात काठ्या रोवल्या. त्या काठ्यांना आडवी बांधलेली दोरी दर यार्डावर गाठ असलेली होती.